रानवणवा : एका त्वचारोगाच्या कारणशोधाचा इतिहास



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावर आपल्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. निमंत्रण आले तेव्हा मात्र मला संकोच वाटला. माझी हयात मराठी शिकविण्यात आणि जुन्या हस्तलिखितांची पाठचिकित्सा करण्यात गेली. संतवाङ्मयावर अथवा हैदराबादेतील मराठी संस्थांच्या इतिहासावर मी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तरीही आज मी एका रोगाचा इतिहास सांगणार आहे. त्याचे कारण सरांच्या शिकवणीत जसे आहे, तसेच ते माझ्या घरातही आहे.

१९६४ साली, मी आठवीत असताना, सरांनी आम्हां मुलांना बेगमपेठेतील एक जुनी इमारत दाखवायला नेले होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परजीवी दिसला, ही हकिकत सरांनी तिथे उभे राहून सांगितली. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘‘म्हणजे डासामुळे ताप येतो हे रॉसने शोधले.’’ सर म्हणाले, ‘‘डासाचा संशय आधीही पुष्कळांना होता. डासाच्या पोटात नेमके काय आहे, ते रॉसने दाखवले. संशय आणि शोध यांत एवढेच अंतर असते, पण ते चालायला माणसाला वर्षे लागतात.’’ आजच्या व्याख्यानाचे सूत्र सरांच्या याच वाक्यात आहे.

१. आक्काचा प्रश्न

माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, बीदर जिल्ह्यातील एका खेड्यात दिली होती. १९७१ च्या पावसाळ्यात तिच्या छातीवर आणि पाठीवर बारीक फोड उठू लागले. ते हात लागताच फुटत. मागे ओली, लालबुंद कातडी राही, तीवर खपल्या धरत आणि खपल्यांचे पापुद्रे अंथरुणात पडत. अंगाची आग होते, असे ती म्हणे. गावात कुणी महारोग म्हणाले, कुणी देवीचा कोप म्हणाले. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले.

माहेरी तिला माया मिळाली, पण ताट-वाटी वेगळी झाली. हे मी इतरांना दोष देण्यासाठी सांगत नाही. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो, स्वतःला सुशिक्षित समजत होतो. तरी आक्काने केलेला चहा मी काही ना काही निमित्त काढून टाळत असे. तिला ते कळत होते. ती काही बोलली नाही, एवढेच.

पुढे शहरातल्या डॉक्टरांनी कातडीचा लहानसा तुकडा तपासून ‘पेम्फिगस फोलिएशियस’ असे निदान केले. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, असे त्यांनी आम्हाला बजावले. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फोड आटोक्यात आले. डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, तुमचे शरीरच तुमच्यावर उलटले आहे.’’ त्यावर आक्काने विचारले, ‘‘माझे शरीर माझ्यावर का उलटेल? मी त्याचे काय वाईट केले?’’ डॉक्टरांपाशी उत्तर नव्हते. तेव्हा ते जगात कुणापाशीच नव्हते.

आक्का १९९८ साली गेली. मी निवृत्त झाल्यावर, वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या तिच्या नातीने या रोगावरील काही शोधनिबंध मला आणून दिले आणि समजेना तिथे समजावून सांगितले. आक्काच्या प्रश्नाचा माग काढणारी माणसे मला त्यांत भेटली. ती होती फार दूर, ब्राझीलमध्ये.

२. नदीकाठचा वणवा

‘पेम्फिक्स’ या ग्रीक शब्दाचा अर्थ फोड किंवा बुडबुडा. ‘फोलिएशियस’ म्हणजे पानासारखा, पापुद्र्यांचा. १८४४ साली फ्रान्समधील काझनाव्ह या त्वचारोगतज्ज्ञाने या रोगाचे वर्णन केले. युरोपात तो विरळा आणि तुरळक होता. एखाद्या शहरात वर्षाकाठी एखादा रुग्ण दिसे, तोही बहुधा मध्यमवयीन किंवा वृद्ध.

ब्राझीलमध्ये मात्र वेगळेच चित्र होते. तेथील ग्रामीण लोक एका रोगाला ‘फोगो सेल्व्हाजेम’ म्हणत. मराठीत त्याला ‘रानटी आग’ म्हणता येईल. आपल्याकडचा ‘रानवणवा’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. रुग्णाचे अंग भाजल्यासारखे दिसे आणि भाजल्यासारखेच दुखे. १९०३ साली कारामुरू पाएस लेमे यांनी या रोगाचे वर्णन केले, पण त्यांना तो ‘टोकेलाऊ’ नावाचा बुरशीजन्य त्वचारोग वाटला. हा पेम्फिगस फोलिएशियसच आहे, हे पुढे स्पष्ट झाले. दोहोंत फोड तेच, कातडीतील बिघाडही तोच. फरक होता तो रोग कुणाला होतो आणि कुठे होतो, यात.

हा वणवा मुलांना आणि तरुणांना गाठत असे. शेतमजूर, जंगल तोडून नवी वस्ती करणारे, ओढ्यानद्यांच्या काठी मातीच्या भिंतींच्या आणि गवताने शाकारलेल्या घरांत राहणारे लोक त्याला बळी पडत. एकाच कुटुंबात दोन-तीन रुग्ण आढळत. साओ पाउलो राज्यात एकेकाळी तो इतका होता की, १९४० च्या सुमारास तिथे त्याच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय चालवावे लागले. ज्वाओ पाउलो व्हिएरा यांच्यासारख्या वैद्यांनी तेथे रुग्णांच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या. पुढे रस्ते आले, जंगल हटले, शेती स्थिरावली, पक्की घरे झाली आणि त्या राज्यातून हा रोग ओसरत गेला. तो देशाच्या अंतर्भागात, नव्या वसाहतींच्या प्रदेशात दिसू लागला. वसाहतीची सीमा जशी पुढे सरकली, तसा वणवाही सरकला.

स्टेरॉइडपूर्व काळात रुग्णांचे फार हाल होत. लोक त्यांना सांसर्गिक समजून दूर ठेवत. मिनास जेराइस राज्यातील उबेराबा शहरात आपारेसिदा कोन्सेइसाओ फेरेइरा नावाची एक परिचारिका होती. १९५७ साली रुग्णालयाबाहेर पडावे लागलेल्या बारा रुग्णांना ती आपल्या घरी घेऊन गेली. त्या घरातून पुढे या रोग्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि तिने ते लोकांच्या देणग्यांवर चालविले. ही हकिकत वाचली तेव्हा मला आक्काचा चहा आठवला. त्या बाईपाशीही तेव्हा रोगाच्या कारणाचे ज्ञान नव्हते. कारण कळण्याची वाट न पाहता तिने दार उघडले, आणि मी महाविद्यालयात शिकूनही पेला बाजूला सारला.

३. शरीराचा वाचनदोष

कारणशोधाचे पहिले मोठे पाऊल ब्राझीलबाहेर पडले. १९६४ साली अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे दाखवली, जी रुग्णाच्या स्वतःच्याच त्वचेतील पेशींच्या सांध्यांना चिकटतात. प्रतिपिंडे म्हणजे बाहेरून आलेल्या रोगजंतूला ओळखून त्यावर चाल करण्यासाठी शरीराने घडविलेली प्रथिने. इथे ती घरच्याच माणसावर धावून जात होती. १९८५ साली ब्राझिलियन रुग्णांची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली, तेव्हा त्या उंदरांच्या त्वचेवर तसेच फोड आले. प्रतिपिंडे ही रोगाची केवळ सोबतीण नव्हेत, फोड तीच घडवतात, हे यावरून सिद्ध झाले.

ती कशावर धावतात, हेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट होऊ लागले. त्वचेच्या पेशी एकमेकींना जणू टाके घालून जोडलेल्या असतात. त्या टाक्यांतील एका प्रथिनाचे नाव ‘डेस्मोग्लीन १’. त्वचेच्या वरच्या थरांत सांधणीचा मुख्य भार याच प्रथिनावर असतो. तोंडाच्या आतील अस्तरात ‘डेस्मोग्लीन ३’ हे दुसरे प्रथिन ते काम निभावून नेते. म्हणून या रोगात अंग सोलवटते, पण तोंडात फोड येत नाहीत. आक्का वर्षभर असह्य वेदनेत असतानाही नीट जेवत होती, याचे आम्हाला नवल वाटे. त्या नवलाचे उत्तर मला चाळीस वर्षांनी मिळाले.

आता खरा प्रश्न पुढे आला. शरीर आपल्याच प्रथिनाला परके का समजते? येथे मला माझ्या व्यवसायातील एक दाखला देण्याची परवानगी असावी. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात, काही अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. वाचणारा एका अक्षराला सरावला की, तसेच दिसणारे दुसरे अक्षरही तो तेच म्हणून वाचतो. एकदा चूक बसली की, पुढची नक्कल करणारे तीच पुढे नेतात. शरीराची संरक्षणव्यवस्था हीही एक वाचक आहे. तिने प्रथम कोणते परके अक्षर वाचले, म्हणजे तिला आपले अक्षरही परके वाटू लागले? ब्राझीलमधील शोध अखेर या प्रश्नापाशी येऊन ठेपला.

४. चावणाऱ्या किड्यांचा माग

किड्यांचा संशय जुना होता. रुग्णांची गावे आणि चावऱ्या काळ्या माश्यांचे ओढे यांची सांगड तेथील वैद्यांना पूर्वीच जाणवली होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना केली, तेव्हा काळ्या माश्यांचे दंश रुग्णांच्या इतिहासात कितीतरी अधिक आढळले.

याच सुमारास लिमाओ व्हेर्दे ही वस्ती अभ्यासकांच्या नजरेत आली. मातो ग्रोसो दो सुल राज्यातील ही तेरेना आदिवासींची राखीव वस्ती, हजार-बाराशे लोकांची. त्यांत शंभरामागे सुमारे तिघांना हा रोग होता. एरवी जगात लाखात काही मोजक्यांना होणारा रोग एवढ्याशा वस्तीत इतका का? ब्राझीलचे आणि अमेरिकेचे संशोधक वर्षानुवर्षे तिथे जात राहिले. रुग्णांइतकेच निरोगी लोकांचेही रक्त त्यांनी तपासले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. रोग कसा येतो हे कळायचे तर अजून न आलेल्यांकडेही पाहावे लागते.

त्याचे फळ २००० साली हाती आले. रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांत डेस्मोग्लीन १ विरोधी प्रतिपिंडे असणे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते असे की, त्या वस्तीतील निरोगी लोकांपैकीही निम्म्याहून अधिक जणांत ती होती. वस्तीपासून दूर जावे तसे हे प्रमाण घटत गेले. जे पुढे आजारी पडले, त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या, राखून ठेवलेल्या रक्तात ती फोड येण्याआधीच सापडली. याचा अर्थ असा की, त्या भूमीतील काहीतरी गावातल्या पुष्कळांच्या शरीराला ते चुकीचे वाचन शिकवीत होते, आणि त्यांतील थोड्यांच्याच बाबतीत ते वाचन घातक वळण घेत होते. २००३ च्या एका अभ्यासाने हे वळणही दाखविले. निरोगी माणसांची प्रतिपिंडे प्रथिनाच्या एका निरुपद्रवी भागाला चिकटतात. रोग्यांत ती सरकून, जिथे दोन पेशींचा सांधा प्रत्यक्ष जुळतो त्या टोकाला चिकटू लागतात. कोणाच्या बाबतीत असे व्हावे, यात आनुवंशिक घडणीचाही वाटा आहे.

२००४ साली संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. किडे चावल्याने वा त्यांच्या संसर्गाने परजीवी अंगात शिरतात असे तीन रोग त्यांनी निवडले. पहिला ऑन्कोसर्कायसिस, त्याचा कृमी काळी माशी वाहते. दुसरा लेशमॅनियासिस, त्याचा परजीवी वाळूमाशी वाहते. तिसरा शागासचा रोग. तो १९०९ साली कार्लोस शागास यांनी मिनास जेराइसमधील लासांसे या गावी शोधला. त्याचा वाहक ढेकणाच्या जातीचा एक मोठा किडा. तो मातीच्या भिंतींच्या भेगांत राहतो आणि रात्री निजलेल्याच्या चेहऱ्याला डसतो, म्हणून तेथील लोक त्याला ‘न्हावी’ म्हणतात. या तिन्ही रोगांच्या रुग्णांत डेस्मोग्लीन १ विरोधी प्रतिपिंडे लक्षणीय प्रमाणात आढळली. त्यांच्या अंगावर वणव्याचे फोड मात्र नव्हते.

मग दोषी कोण, परजीवी की तो वाहणारा किडा? तिन्ही परजीवी एकाच प्रकारचे नव्हेत, एक तर कृमी आणि दोन एकपेशी जीव. त्यांत समान धागा रक्त पिणाऱ्या किड्यांचा. त्यामुळे नजर किड्याच्या लाळेकडे वळली. वाळूमाशीची मादी अंड्यांसाठी रक्त पिते. रक्त गोठू नये, दंशाच्या जागी शरीराने प्रतिकार करू नये, म्हणून ती लाळेतून अनेक प्रथिने सोडते. ‘लुत्झोमिया लाँजिपाल्पिस’ या ब्राझिलियन वाळूमाशीच्या लाळेत ‘एलजेएम ११’ नावाचे प्रथिन आहे. २०१२ साली असे दिसले की, वणव्याच्या रुग्णांची डेस्मोग्लीन १ विरोधी प्रतिपिंडे या लाळप्रथिनालाही चिकटतात, आणि उंदरांना हे प्रथिन टोचले तर त्यांच्या रक्तात डेस्मोग्लीन १ विरोधी प्रतिपिंडे तयार होतात. २०१६ सालच्या कामाने या साम्याला आणखी दुजोरा दिला. परके अक्षर सापडले होते, निदान त्यांतील एक.

५. संशय आणि शोध यांतील अंतर

श्रोतेहो, येथे मी सरांचे वाक्य पुन्हा आठवतो. किडा सापडला म्हणून काम पुरे होत नाही. पाठचिकित्सेतही आम्हाला असाच सावधपणा शिकवला जातो. दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर एकीवरून दुसरी उतरविली असण्याचा संभव असतो, पण दोघा लेखकांच्या हातून तीच चूक स्वतंत्रपणेही होऊ शकते. साम्य हा पुराव्याचा आरंभ होय. वाळूमाशीच्या लाळेने प्रतिपिंडे जागी होतात, हे दिसले आहे. त्या दंशानेच माणसाला हा रोग होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. काळी माशी, ढेकूण आणि ‘न्हावी’ यांच्यावरील संशयही मिटलेला नाही. म्हणून या नात्याला अभ्यासक ‘संभाव्य’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मी आदर करतो.

असे अंतर कापायला किती काळ लागतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. काळ्या आजाराचा परजीवी १९०३ साली लेशमन यांनी आणि मद्रासेत डोनोव्हन यांनी प्रसिद्ध केला. त्या परजीवीला दोघांची नावे जोडणारे होते आपल्या सिकंदराबादेचे रॉस. वाळूमाशीवरचा संशय १९२० च्या दशकात बळावला. पण माशी चावून माणसाला रोग होतो, हे काही केल्या दाखविता येईना. अखेर असे ध्यानात आले की, रक्त प्यायलेल्या माश्यांना पुढे मनुका खाऊ घातल्या तर त्या जगतात आणि त्यांच्यात परजीवी भरपूर वाढतात. मग १९४२ साली आसामात स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी, स्वतःहून पुढे आलेल्या माणसांना अशा माश्या चाववून, तो पुरावा पुरा केला. संशय आणि शोध यांच्यामध्ये मनुकेएवढी गोष्ट आडवी आली होती आणि तिने वर्षे घेतली.

आपल्याकडेही वाळूमाश्या आहेत. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे सापडलेल्या विषाणूचा प्रसार त्याच करतात असे मानले जाते. परंतु त्यांच्या जाती ब्राझीलच्या माशीहून निराळ्या आहेत आणि त्यांच्या लाळेची घडणही निराळी. ब्राझीलसारखी वस्तीच्या वस्ती गाठणारी या रोगाची साथ भारतात आढळलेली नाही. इथले रुग्ण विखुरलेले असतात. तेव्हा आक्काचा रोग माशीच्या दंशाने आला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि मनाला समाधान देणारेही आहे, पण ते खरे ठरलेले नाही. उपचारांच्या बाबतीत मात्र भारताचे योगदान निश्चित आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी दिल्लीत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे ठराविक अंतराने मोठ्या मात्रेत देण्याची पद्धत सुरू केली. तिने पेम्फिगसच्या असंख्य भारतीय रुग्णांना जीवदान दिले. आक्काचे शेवटचे दशक याच उपचारामुळे सुखाचे गेले.

६. समारोप

या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे पाहताना मला एक गोष्ट विशेष जाणवते. ‘हा रोग या जागेत आहे,’ असे ब्राझीलचे खेडूत म्हणत होते. ‘तो रोग्याच्या शरीरातच आहे,’ असे प्रयोगशाळा म्हणत होती. दोघांचेही अर्धे खरे निघाले. रोग शरीरात घडतो, पण त्याचा धडा शरीर बहुधा बाहेर गिरवते : घराच्या भिंतीत, ओढ्याच्या काठावर, गरिबीने वाट्याला आलेल्या वस्तीत. मात्र खेडूतांनी आणखी एक गोष्ट मानली होती, ती संपूर्ण खोटी ठरली. रोग्याला शिवल्याने तो होत नाही. जागेवरचा संशय त्यांनी माणसावर नेऊन ठेवला, आणि त्या चुकीची किंमत माणसांनी मोजली.

आक्काने विचारले होते, ‘‘मी त्याचे काय वाईट केले?’’ आज मी तिला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. पण अर्धे देऊ शकतो. आक्का, तू काही केले नव्हतेस. तुझे शरीर तुझ्यावर रुसले नव्हते. ते तुझे रक्षण करायला धावले आणि वाचताना चुकले. चुकलो आम्हीही, पण आमची चूक निराळी होती. ती करण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हते, असे म्हणता येत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातून कुणी संशोधक होईल, कुणी डॉक्टर होईल. संशय आणि शोध यांतील अंतर तुम्ही चालालच. पण जे कुणी यांतले काहीच होणार नाहीत, त्यांच्यासाठी माझे एक सांगणे आहे. कारण कळेपर्यंत वर्षे जातात. तोवर रोग्याच्या हातचा चहा घ्यायला हरकत नसते.